संकल्पभूमी ते चवदार तळे : मित्राच्या गावचा प्रवास

वडोदऱ्याहून पोलादपूरला गाडीने जायचे तर सुमारे पावणेसहाशे किलोमीटरचा पल्ला आहे. भल्या पहाटे निघाले तर रात्रीच्या जेवणापर्यंत पोहोचता येते. रेल्वेनेही जाता येते, कोकण रेल्वेचे वीर हे स्टेशन महाडला जवळ पडते. पण वाटेतली ठिकाणे पाहावीत, वाटेल तिथे थांबावे, या विचाराने आम्ही उभयतांनी घरची छोटी गाडीच काढायचे ठरविले.

निमित्त होते मित्राचे. वडोदऱ्यातल्या एका कारखान्यात आम्ही दोघे सव्वीस वर्षे बरोबरीने कामाला होतो. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. ते मराठा समाजाचे, पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीचे. आमचे घराणे मूळ खानदेशातले, आजोबा पोटापाण्यासाठी बडोद्याला आले ते तिथलेच झाले. परमुलुखात मराठी बोलणारे घर शेजारी मिळाले की ओळख व्हायला वेळ लागत नाही. त्यांच्या दोन्ही मुली आमच्या घरात खेळून मोठ्या झाल्या. ही आजारी पडली तेव्हा वहिनींनी पंधरा दिवस आमच्याकडची चूल सांभाळली. निवृत्तीनंतर भाऊ-वहिनी गावी परतले. तेव्हापासून फोनवर एकच विचारणा, "दादा, गावाकडं कधी येताय?"

जायचे मनात होते, पण पाऊल अडत होते. हिने एकदा ते बोलून दाखविले. "अहो, इथं भाऊ आपल्या घराचे मालक होते. तिथं त्यांची आई आहे, भावकी आहे, सगळी वाडी आहे. आपल्यामुळं त्यांना कुणी बोल लावला तर?"

तिचे म्हणणे खरे होते. शहरातल्या मैत्रीची परीक्षा गावात होते. शहरात एका ताटात जेवलेले मित्र गावच्या वेशीत शिरल्यावर दोन पावले दूर चालू लागतात, हे आपल्यातल्या कितीतरी जणांनी अनुभवले आहे. एका मुक्कामात सव्वीस वर्षांच्या मैत्रीला तडा जाऊ नये, हीच काळजी होती. शेवटी मी फोनवर भाऊंना सरळ विचारले. पलीकडे जरा शांतता झाली. मग भाऊ म्हणाले, "तुम्ही या. बाकीचं मी बघतो." त्या 'बाकीचं' या शब्दात काय काय होते ते दोघांनाही कळत होते. तरीही महाडच्या एका लॉजचा पत्ता हिने वहीत लिहून घेतला. निघायचा दिवस ठरला १८ मार्च, म्हणजे २० तारखेला चवदार तळ्यावरही जाता येणार होते.

बडोद्यातील बंद दारे

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सयाजीबागेत, म्हणजे जुन्या कमाटीबागेत, संकल्पभूमीवर जाऊन आलो. वाचकांना तो इतिहास ठाऊक आहे, पण मुलाबाळांसाठी पुन्हा सांगायला हवा. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने त्यांनी काही दिवस काढले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्याच दिवशी जागा सोडण्याचे फर्मान निघाले.

पुढची हकीकत प्रवासाला निघालेल्या माणसाने विशेष आठवावी अशी आहे. बाबासाहेब त्या दिवशी आपल्या दोन मित्रांकडे आसरा मागण्यासाठी गेले. एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. पहिल्याने नोकर काम सोडून जातील अशी अडचण सांगितली. दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे म्हटले. दोघेही वाईट होते असे बाबासाहेबांनी कुठे लिहिलेले नाही. पण दार उघडले नाही. मुंबईची गाडी सुटेपर्यंत विलायतेहून शिकून आलेला हा तरुण कमाटीबागेत बसून राहिला. २३ सप्टेंबर १९१७ हा तो दिवस म्हणून पाळला जातो. शत्रूचे बंद दार माणूस समजू शकतो. मित्राचे दार बंद झाले की माणूस कुठे जाणार?

बोटीने गाठलेले महाड

पहाटे चार वाजता निघालो. भरूचचा नर्मदेवरचा पूल उजाडायच्या आत ओलांडला. सुरत बाहेरूनच मागे टाकले, नवसारी, वलसाड, वापी करीत तलासरीजवळ महाराष्ट्रात शिरलो. तिथे चहा घेऊन हिने स्टिअरिंग हाती घेतले. गाडी चालवायला ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी शिकली. नातू हसले होते, पण घोडबंदरच्या ट्रकांच्या गर्दीतून तिने गाडी अगदी शांतपणे काढली. भगिनींनी वयाची सबब सांगू नये, एवढ्यासाठीच हे लिहिले.

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता फुटतो. त्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. कर्नाळ्याची झाडी, गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध पेण, मग नागोठणे, कोलाड, माणगाव. माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग लागली होती, तिथे पाऊण तास गेला. पुढे लोणेरे येते. १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ इथेच आहे. पाठीवर दप्तरे घेतलेली मुले-मुली रस्ता ओलांडत होती. त्यांना वाट द्यायला ही थांबली आणि शेवटचा मुलगा पलीकडे जाईपर्यंत थांबूनच राहिली.

नंतर सावित्रीच्या काठचे दासगाव. आज गाडी तिथून दोन मिनिटांत निघून जाते. डिसेंबर १९२७ मध्ये मात्र बाबासाहेबांना महाडला पोहोचण्यासाठी याच दासगावच्या बंदरात उतरावे लागले. धरमतरवरून मोटारीने येणे सोयीचे होते, पण मोटारवाले ऐनवेळी गाडीत घेणार नाहीत अशी धास्ती होती. म्हणून २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून मंडळी दुसऱ्या दिवशी दासगावला उतरली. हजारो सत्याग्रही बंदरावर वाट पाहत होते. तिथून पाच मैल चालत सारे महाडला गेले. पैसे देऊनही रस्ता वापरता येत नाही म्हणून समुद्राने यायचे, ही गोष्ट काही हजार वर्षांपूर्वीची नाही. आमचे आजोबा त्या काळात हयात होते.

ह्या भागाची जागृती त्याच्याही आधीची आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्माच्या नावाने चाललेल्या अस्पृश्यतेला जाब विचारला. पेन्शनर सैनिकांनी पेरलेले हे बी होते, म्हणूनच महाडला परिषद भरू शकली.

पोलादपूरचे घर

महाडहून पोलादपूर अठरा-वीस किलोमीटर. दोहोंच्या मध्ये सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल पुराने कोसळला आणि दोन एसटी गाड्या व इतर वाहने माणसांसकट वाहून गेली. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला. पुलावर गाडीचा वेग आपोआप कमी झाला. ही काही बोलली नाही, नुसते हात जोडले.

पोलादपूर हा नाक्याचा गाव. समोर कशेडीच्या डोंगरातून रस्ता खेड-चिपळूणकडे जातो. डावीकडचा आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातो. सावित्री तिकडूनच उतरते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ ह्याच तालुक्यात. आम्ही नाक्यावरून आतला रस्ता धरला. भाऊ टॉर्च घेऊन वळणावर उभे होते.

घराच्या ओट्यावर भावकीतले तिघे-चौघे बसलेले. त्यांच्यासमोर भाऊंची अडचण नको म्हणून मी गाडीतून उतरताच "नमस्कार भाऊ" म्हटले. वडोदऱ्यात आम्ही असे कधी म्हणत नसू. भाऊंनी माझ्याकडे पाहिले आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जयभीम दादा! जयभीम वहिनी!"

ओट्यावरचा एक जण उठून निघून गेला. बाकीचे बसून राहिले.

आत भाऊंच्या आई बसल्या होत्या. नव्वदीच्या घरात, पण नजर आणि कान शाबूत. त्यांनी गाव विचारले, मग आडनाव विचारले. मी सांगितले. आजींनी एकदा भाऊंकडे पाहिले, एकदा आमच्याकडे. मग सुनेला म्हणाल्या, "अगं, उभी काय ऱ्हायलीस? माणसं लांबनं आल्यात. गूळपाणी आण." वहिनींनी तांब्या-भांडे आणले. गुळाची वाटी आजींनी स्वतः हिच्यापुढे सरकवली. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि सुकटीची चटणी, असे जेवण सगळ्यांनी एका पंक्तीला केले.

जेवणानंतर आजी आपणहून बोलू लागल्या. त्या लहान असताना वाडीवर कामाला येणाऱ्या आपल्या माणसांना पाणी वरून ओतत. ते काम घरातल्या पोरींचे. "मी बी वतलंय. तवा तसंच व्हतं. कुनी इचारलं न्हाई, आमी बी इचारलं न्हाई." एवढे बोलून त्या गप्प झाल्या. आम्हीही काही बोललो नाही. चुकीची कबुली म्हणावी तर तसे शब्द नव्हते. पण खोटे काही नव्हते. लॉजचा पत्ता वहीतच राहिला.

जो शेजारी उठून गेला तो भाऊंचा चुलतभाऊ. रोज रात्री ओट्यावर तंबाखू खायला येणारा. आम्ही होतो ते तीनही दिवस तो आला नाही. हिने विषय काढला तेव्हा भाऊ म्हणाले, "उद्या येईल. नाही आला तर परवा येईल. त्याच्यासाठी तुम्हाला बोलवायचं राहिलो असतो तर मी काय केलं असतं?"

पाण्याच्या पोढ्या आणि वाट

१९ तारखेला सकाळी भाऊंना घेऊन गांधारपाल्याची लेणी पाहिली. महाडच्या अलीकडे महामार्गालगतच्या डोंगरात ही सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. खाली गांधारी नदी सावित्रीला मिळते. प्राचीन काळी सावित्रीच्या खाडीतून माल महाडपर्यंत येई आणि घाटाने देशावर जाई. त्या व्यापारी वाटेवर भिक्खूंची ही वस्तीस्थाने होती. लहानपणापासून खालून एसटीने जाणारे भाऊ ह्या पायऱ्या पहिल्यांदाच चढले.

इथल्या एका ब्राह्मी लेखात विष्णुपालित नावाच्या राजकुमाराचे दान नोंदलेले आहे. काय दान दिले? लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, दोन्ही बाजूंस पाण्याच्या दोन पोढ्या आणि लेण्याकडे येणारी वाट. म्हणजे निवारा, पाणी आणि रस्ता. वाटसरूला आणखी काय लागते? आणि नेमक्या ह्याच तीन गोष्टी पुढे शतकानुशतके आपल्याला नाकारल्या गेल्या. बडोद्यात निवारा, महाडला पाणी आणि धरमतरला रस्ता. आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. भाऊ बाजूला हात जोडून उभे होते. उतरताना त्यांनी पोढी म्हणजे काय, हे पुन्हा विचारून घेतले.

चवदार तळ्यावर

२० मार्चला सकाळी गाडी शहराबाहेर लावून चौघेही चालत निघालो. भाऊंबरोबर वहिनीही होत्या. त्यांनीच आदल्या रात्री म्हटले होते, "आम्ही नको का यायला?" शुभ्र साड्या नेसलेल्या आयाबहिणी, निळे झेंडे, खांद्यावर पोरे घेतलेले बाप, पुस्तकांचे गाळे, भीमगीतांचे आवाज, जागोजागी पाणी आणि जेवण वाटणारी मंडळे. विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेले लोक रस्त्याच्या कडेला भाकरी सोडून बसले होते.

चालता चालता भाऊ प्रश्न विचारत होते. मी सांगत गेलो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांच्या पाठोपाठ हजारोंनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. मंदिरात शिरणार अशी खोटी आवई उठवून नंतर जमावाने परतणाऱ्या लोकांवर हल्ला केला. मग तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. कोर्टकचेरी दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

"त्या वेळी आमच्यातलं कोणीच नव्हतं का बरोबर?" भाऊंनी विचारले.

होते. थोडे होते, पण होते. नगरपालिकेत तळ्यासाठी झटणारे सुरबानाना टिपणीस होते. अनंतराव चित्रे होते. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधरपंत सहस्रबुद्धे होते. रा. बा. मोरे यांच्यासारख्या आपल्या तरुणांनी गावोगाव फिरून परिषद उभी केली, आणि ह्या मंडळींनी त्यांना साथ दिली. हल्ला झाला तेव्हा जखमी, भेदरलेल्या आपल्या लोकांना महाडच्या मुसलमान घरांनी आत घेतले. डिसेंबरच्या परिषदेला महाडात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन मंडपासाठी दिली. जमाव पाहून त्यांनाही भीती वाटली असेलच. त्यांनाही शेजारी, भावकी, धंदा होता. बडोद्याच्या त्या दोन मित्रांना जे जमले नाही ते ह्यांनी केले. महाडचा इतिहास सांगताना आपण पाण्याची गोष्ट सांगतो, ती सांगितलीच पाहिजे. पण दार उघडणाऱ्यांची ही गोष्टही मुलांना सांगितली पाहिजे. आपल्या लढ्यात कोण आले आणि कोण आले नाही, याचा हिशेब बाबासाहेबांच्या अनुयायांनी कृतज्ञतेने ठेवावा.

तळ्याच्या पायऱ्यांवर मोठी रांग होती. आम्ही चौघांनी ओंजळीत पाणी घेतले. वहिनी बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून महाडच्या बाजाराला येतेय. ह्या तळ्याच्या कडेनं किती वेळा गेले असेन. पायऱ्या आज उतरले." भाऊ म्हणाले, "आम्हाला दरवर्षी घरात एवढंच सांगायचे, वीस तारखेला महाडला जाऊ नका, गर्दी असते. कशाची गर्दी, ते कुणी सांगितलंच नाही."

वीस किलोमीटरवरच्या माणसाला ही गर्दी कशाची ते कळायला वडोदऱ्याहून मित्र यावा लागला. यात दोष फक्त त्यांचा म्हणता येणार नाही. आपणही आपल्या उत्सवांना आपल्याच माणसांना घेऊन जातो. शेजाऱ्याला, कचेरीतल्या सोबत्याला, मुलाच्या वर्गमित्राला "चल आमच्याबरोबर" असे किती जण म्हणतात?

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष २०२७ हे आहे. पुढेही दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबरला लोक जातच राहतील. तेव्हा अनुभवातून काही सांगतो. त्या दिवसांत महाडला मुक्कामाची जागा ऐनवेळी मिळणे कठीण, म्हणून आधी ठरवून निघावे किंवा माणगाव-पोलादपूरकडे सोय पाहावी. शहरात गाडी नेण्याचा आग्रह धरू नये. मार्चमध्ये ऊन कडक असते. वृद्धांसाठी टोपी, पाणी आणि औषधे जवळ ठेवावीत. गांधारपाल्याची लेणी सकाळी लवकर पाहावीत, पायऱ्या बऱ्याच आहेत. वेळ असल्यास रायगड किल्लाही जवळच आहे. पावसाळ्यात मात्र वरंधा आणि आंबेनळी हे घाट रात्री टाळावेत. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर पुरात बुडाले, त्याच वेळी महाड तालुक्यातले तळिये आणि पोलादपूर तालुक्यातले केवनाळे ही गावे दरडीखाली सापडली, हे विसरू नये. आणि तळ्यात फुले, प्लॅस्टिक टाकू नये. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली ते पाणी आपणच घाण करावे, हे शोभत नाही.

पाचवी सूचना अशी, की जमल्यास एखाद्या अन्य समाजाच्या मित्राला सोबत न्यावे, आणि त्याने बोलावले तर त्याच्या गावी जाऊन राहावे. आधी स्पष्ट बोलून घ्यावे, अपमान गिळून राहू नये, पण नुसत्या शंकेवर जाणे रद्दही करू नये. दार उघडणार की नाही, हे दारापर्यंत गेल्याशिवाय कळत नाही.

२१ तारखेला पहाटे निघालो तेव्हा आजींनी कुळीथ, आमसुले आणि घरचे तांदूळ बांधून दिले. भाऊ-वहिनींनी येत्या २३ सप्टेंबरला वडोदऱ्याला येण्याचे कबूल केले आहे. सव्वीस वर्षे त्या शहरात राहूनही संकल्पभूमीवर ते कधी गेले नव्हते. या वेळी आम्ही चौघे मिळून जाणार आहोत. मुक्काम अर्थातच आमच्या घरी.